जातीचा दोष की धन्याचा?



गेल्या पावसाळ्याच्या आरंभी एका खेड्यातील मंडळीस भेट देण्याचा योग आला. रविवारची उपासना आटोपून बंधुभगिनी प्रार्थनामंदिरापुढील निंबाच्या सावलीत बसले होते. आदल्या आठवड्यात एका घरच्या कुत्र्याने शेजारच्या मुलाच्या पोटरीस चावा घेतला होता. मुलाच्या आईने जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली चांगली पंधरा मिनिटे धुतली, त्याच दिवशी त्यास दवाखान्यात नेऊन लस टोचविली, आणि पुढील खेपाही ठरल्याप्रमाणे चालू होत्या. तेव्हा त्या बाबतीत हयगय झाली नव्हती. वाद पेटला होता तो निराळाच.

कुत्र्याचा धनी म्हणत होता, “माझा काय अपराध? ही जातच खुनशी. शहरातून आणले तेव्हाच लोकांनी मला सांगितले होते.”

ह्यावर एक वृद्ध विधवा बाई म्हणाली, “आरं दादा, जातीला कशापायी बोल लावतोस? पिल्लू व्हतं तवापासनं त्याला आखूड साखळीला बांधलं कुणी? तिखट व्हावं म्हनून भाकरीत मिरची कालवली कुणी? पोरं धोंडे मारीत व्हती तवा तू हसत व्हतास न्हवं?”

कोणी हसले, कोणी मान डोलाविली. एकाने म्हण सांगितली की, कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. आणि मग, वारा दिशा बदलतो तसे, बोलणे कुत्र्यावरून माणसांवर आले. त्या गावाच्या शिवेवर पारध्यांचे एक कुटुंब राहते. दोन महिन्यांपासून ती माणसे उपासनेस येऊन अगदी मागे, दाराशी बसत असत. त्यांस उद्देशून एक गृहस्थ म्हणाले, “कुत्र्याचेच काय, माणसाचेही तसेच. जित्याची खोड मेल्यावाचून जात नाही. ती जातच तशी. दानपेटीवर लक्ष ठेवा म्हणजे झाले.”

कोणीही त्यांस हटकले नाही. मीही हटकले नाही. माझी गाडी यावयाची वेळ झाली होती, हे निमित्त मला पुरले. परंतु त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या मनात काट्यासारखे सलत आहे. जे बोलावयास पाहिजे होते ते तेव्हा बोललो नाही, म्हणून आज ह्या पानावर लिहीत आहे.

प्रश्न दोन आहेत, एक नव्हे. पाळीव जनावराचा स्वभाव त्याच्या जातीने घडतो की संगोपनाने, हा पहिला. आणि जनावराविषयी जे खरे ठरेल ते माणसाच्या जातीस लावता येते काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नीट न शोधताच आपण दुसऱ्याचे देऊन मोकळे होतो, आणि तेथेच अन्याय घडतो. म्हणून प्रथम पहिल्याचाच विचार करू.

जातीच्या बाजूने जे बोलतात त्यांचे म्हणणे अगदी निराधार आहे असे नाही. शेतकऱ्यास हे सांगावे लागत नाही. खिल्लार बैल चपळ व तापट, आणि डोंगराळ मुलखातला डांगी बैल सबुरीचा, हे बाजारात सर्वांस ठाऊक आहे. आपल्याकडची कारवानी कुत्री सशामागे वाऱ्यासारखी धावतात व परक्याने अंगास हात लावलेला त्यांस सहसा खपत नाही. मेंढपाळाचे कुत्रे कळपाभोवती फिरते. हे गुण आपोआप आलेले नाहीत. पिढ्यानुपिढ्या माणसाने ज्या नर-मादीत तो गुण दिसला तीच निवडून त्यांची पैदास केली, म्हणून ते आले.

ह्याविषयीचा एक मोठा प्रयोग रशियाच्या सैबेरिया प्रांतात, नोव्होसिबिर्स्क येथे, १९५९ साली सुरू झाला. दिमित्री बेल्यायेव नावाच्या शास्त्रज्ञाने कातड्यासाठी पाळलेले रुपेरी कोल्हे घेतले. माणूस जवळ येताच जे कमी भितात व कमी गुरगुरतात तेवढेच निवडून त्यांची संतती वाढविली. त्यांस काही शिकविले नाही. केवळ निवड केली. थोड्याच पिढ्यांत त्यांत असे कोल्हे निपजले की जे माणसास पाहून शेपूट हालवीत व हात चाटीत. बेल्यायेव १९८५ साली वारले, तरी त्यांच्या सहकारी लुडमिला त्रुत ह्यांनी ते काम पुढे कित्येक दशके चालविले. त्यांनी माणसाळलेल्या वंशाचे गर्भ रागीट मादीच्या उदरात व रागीट वंशाचे गर्भ माणसाळलेल्या मादीच्या उदरात ठेवून पाहिले. पिल्ले वाढविणाऱ्या मादीच्या वळणावर न जाता आपल्या मूळ वंशाच्या वळणावर गेली. तेव्हा रक्ताचा काही भाग आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ख्रिस्ती माणसाने सत्यास भिऊ नये.

आता दुसरी बाजू ऐका. अमेरिकेत मेन प्रांतातील बार हार्बर ह्या गावी जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर ह्या दोघा विद्वानांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६५ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. जातीजातींत फरक आहेत हे त्यांनीही नमूद केले. परंतु त्यांस दुसरीही एक महत्त्वाची गोष्ट आढळली. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा आठवड्यांचे होईपर्यंतचा काळ त्याच्या साऱ्या आयुष्याचा पाया असतो. त्या काळात जे त्याच्या ओळखीचे होते ते त्यास जन्मभर आपले वाटते. जे परके राहते त्याची त्यास भीती वाटते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या तेथील एका प्रयोगात काही पिल्ले चौदा आठवडे माणसाच्या सहवासावाचून वाढविली होती. ती माणसास पाहताच रानटी जनावराप्रमाणे पळू लागली. ती कॉकर व बीगल जातीची होती. ह्या जाती माणसाच्या लोभाविषयी प्रसिद्ध आहेत. जात गोड होती, पण ते नऊ-दहा आठवडे हातचे गेले, आणि त्या गोडीचा उपयोग झाला नाही.

अलीकडे, २०२२ साली, अमेरिकन शास्त्रज्ञांनी ह्याहून मोठी मोजणी केली. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या धन्यांस त्यांच्या स्वभावाविषयी प्रश्न विचारले आणि २ हजारांहून अधिक कुत्र्यांचे आनुवंशिक द्रव्य तपासले. कुत्र्याकुत्र्यांच्या वागणुकीत जो फरक दिसतो त्यापैकी केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास फरक जातीवरून सांगता येतो, असे निघाले. सांगितलेले ऐकण्याकडे कल किती, ह्यासारख्या काही बाबतींत जातीचा ठसा अधिक दिसला. परंतु कुत्रे किती लवकर चिडते, हे जातीवरून ओळखणे जवळजवळ अशक्य ठरले. म्हणजे ज्या बाबतीत आपण “ही जातच खुनशी” असे खात्रीने म्हणतो, नेमकी तीच बाब जातीचे नाव सांगत नाही. पिल्लू आपल्या आईबापांकडून काही स्वभाव घेते खरे. पण एकाच जातीत तापट आईबाप असतात व शांतही असतात. आईबापांचा वारसा निराळा आणि जातीच्या नावाचा शिक्का निराळा.

ह्यापुढे जाऊन एक प्रत्यक्ष घडलेली हकीकत सांगतो. अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतात २००७ साली सरकारी अंमलदारांनी एका धनाढ्य खेळाडूच्या वाडीवर छापा घातला. तेथे पैज लावून झुंजविण्यासाठी पिट बुल जातीची कुत्री बाळगली होती. जी लढत नसत त्यांस क्रूरपणे ठार करण्यात येई. सुमारे पन्नास कुत्री जिवंत सापडली. जात झुंजीची, संगोपन छळाचे. दोन्ही तराजू वाईटाकडेच झुकलेले. पुष्कळ लोक म्हणाले की, ह्यांस मारून टाकण्यावाचून गत्यंतर नाही. परंतु परीक्षक नेमण्यात आले. त्यांनी एकेक कुत्रे निरनिराळे तपासले, आणि अतिशय हिंसक म्हणून मारावे असे त्यांस केवळ एकच आढळले. ४७ कुत्री वाचली. त्यांपैकी कित्येक पुढे मुलाबाळांच्या घरांत सुखाने राहिली. एक तर रोग्यांच्या भेटीस जाऊन त्यांचे मन रमवू लागले. सर्व सुधारली असे मात्र नाही. काहींची भीती वर्षानुवर्षे गेली नाही, व कोपऱ्यात भिंतीस चिकटून बसण्याची त्यांची सवय सुटली नाही. ज्यांनी त्यांस पाळले त्यांनी तेवढ्यासाठी त्यांस टाकून दिले नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे दिसते. जात ही उताराची दिशा आहे, संगोपन हा पाट आहे. पाणी उताराकडे ओढ घेते हे खरे, परंतु ते कोणाच्या शेतात न्यावयाचे हे बहुतांशी पाट खणणाराच्या हाती असते. म्हणून जो धनी पिल्लास साखळीने जखडतो, उपाशी ठेवतो, मारतो, आणि ते चावल्यावर जातीस दोष देतो, तो खोटे बोलतो. त्याचे खोटे असे की, त्यात थोडेसे सत्य मिसळलेले आहे. विधवा बाईने जे विचारले तेच प्रथम विचारले पाहिजे: बांधले कोणी?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

आपल्या भाषेत एकाच ‘जात’ शब्दाने कुत्र्याचा वंशही समजतो आणि माणसाची ज्ञातीही समजते. शब्द एक असल्यामुळे वस्तूही एकच असावी असे मनास वाटते. परंतु हा शब्दाचा भुलावा आहे. कुत्र्याची जात कशी बनली हे आपण पाहिले. एका ठराविक गुणासाठी धन्याने नर-मादी निवडली, बाकीची वगळली, आणि असे पिढ्यानुपिढ्या केले. महार, मांग, पारधी, कुणबी, ब्राह्मण ह्या जाती अशा रीतीने बनल्या काय? शांत स्वभावाचे स्त्रीपुरुष एका वाड्यात व तापट स्वभावाचे दुसऱ्या वाड्यात, अशी निवड कोणी कधी केली? रूढीने धंदे वाटले, पाणवठे वाटले, शिवा वाटल्या. स्वभाव वाटले नाहीत. प्रत्येक वाड्यात उदार माणसे आहेत व कृपणही आहेत; सत्यवादी आहेत व चोरही आहेत. मूल आपल्या आईबापांकडून थोडा ताप, थोडी सबुरी घेऊन जन्मास येते. पण जातीकडून ते स्वभाव घेत नाही. जातीकडून त्यास मिळते ती लोकांची नजर. आणि ती नजर हेही एक संगोपनच आहे. ज्या मुलाकडे सारा गाव चोर म्हणून पाहतो, त्यास कामास कोणी ठेवीत नाही, शाळेत कोणी जवळ बसवीत नाही; आणि तो भुकेने वाकडे पाऊल टाकतो तेव्हा तोच गाव म्हणतो, “पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?” आखूड साखळीची गोष्ट ती हीच.

ही चूक केवळ निंबाखालीच घडत नाही. कायद्याच्या पुस्तकातही ती घडली आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ साली त्याचा विस्तार करून तो मुंबई इलाख्यासही लागू केला. त्या कायद्याने संपूर्ण जमातीच गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत असत. मनुष्याने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी आला एवढे पाहून त्याचे नाव नोंदीत, त्यास हजेरीस उभे करीत, व परवानगीवाचून गाव सोडू देत नसत. तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत कुटुंबेच्या कुटुंबे ठेवली गेली. त्या वसाहती चालविण्याचे काम काही ठिकाणी ख्रिस्ती संस्थांनीही पत्करले होते, हे आपण लपवू नये. त्यांचा हेतू दयेचा असेल. परंतु ज्या समजुतीवर ते कुंपण उभे होते ती समजूत खोटी होती. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कुंपणे गेली. पण दानपेटीवर लक्ष ठेवा असे म्हणणारा मनुष्य त्या रद्द झालेल्या कायद्याचीच कलमे अजून तोंडपाठ म्हणत असतो.

आणि हे म्हणणारे कोण? आपण! आपल्यापैकी बहुतेकांच्या आज्यापणज्यांस ह्याच गावांनी सांगितले होते की, तुमची जातच तशी; तुम्हांस अक्षर कशाला, तुम्हांस देव कशाला? ते म्हणणे त्यांनी खरे मानले असते, तर आज आपल्या हाती शास्त्र नसते व हे पत्र वाचता येत नसते. ज्या साखळीतून आपली मान सुटली, ती उचलून आपण दुसऱ्याच्या गळ्यात अडकविणार काय?

कोणी म्हणेल, शास्त्रातच लिहिले आहे की चित्त्यास आपले ठिपके पालटता येत नाहीत. होय, यिर्मया संदेष्ट्याच्या तेराव्या अध्यायात हा दाखला आहे. पण तो लक्षपूर्वक वाचा. तेथे संदेष्टा जन्माविषयी बोलत नाही. वाईट करण्याची ज्यांस सवय लागली आहे अशांविषयी बोलतो, आणि तेही परजातीच्या नव्हे, तर यहूदाच्या स्वतःच्या कुळवंत लोकांविषयी. शिवाय त्याच पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात परमेश्वर त्याच लोकांच्या हृदयावर आपले नियम लिहिण्याचे वचन देतो. ठिपके चित्त्याच्याने जात नाहीत, परंतु देवाच्याने जातात. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात तर परमेश्वराने एक म्हणच बंद केली आहे. बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली म्हणून पोरांचे दात आंबले, अशा अर्थाची म्हण इस्राएल लोक म्हणत असत. ती पुन्हा म्हणू नका, प्रत्येक जीव माझा आहे, असे त्याने बजाविले. आपल्या ‘जातच तशी’ ह्या म्हणीसही तीच आज्ञा लागू आहे.

तरी केवळ संगोपनावर भिस्त ठेवणारांनीही सावध असावे. शिलो येथील एकाच घरात एली याजकाचे दोघे पुत्र वाढले आणि शमुवेलही वाढला. याजकाचे कुळ, मंदिराचे अंगण, सारे काही हफनी व फिनहास ह्यांस लाभले होते. तरी ते बिघडले, आणि आईपासून दूर राहिलेला बाळ शमुवेल देवाची वाणी ऐकू लागला. एलीने पुत्रांस आवरले नाही हा दोष त्याच्या माथी आलाच. परंतु पुत्रांचे पाप पुत्रांचेच राहिले. उलट तीमथ्याची आजी लोईस व आई युनीके ह्यांचा विश्वास त्याच्या ठायी उतरला, ह्याबद्दल पौलाने आभार मानले. म्हणून संगोपन मोठे आहे, पण तेही देव नव्हे. ज्यास चांगले घर मिळाले नाही तो कायमचा बुडाला, असे म्हणणे ही एक नवीच जात निर्माण करणे होय. कुत्रे आपल्या जातीस व धन्यास सोडून तिसरीकडे पाहू शकत नाही. माणूस पाहू शकतो. त्यास विवेक आहे, त्यास पश्चात्ताप करता येतो, आणि प्रभू येशूने निकदेमास सांगितलेला नवा जन्म त्याच्यासाठी आहे. निकदेम कुळाने व शिक्षणाने दोन्हींनी थोर होता, तरी त्यालाही त्याची गरज होती, हे विसरू नका.

शेवटी आपल्या मंडळ्यांनी काय करावे हे थोडक्यात सांगतो. ज्यांच्या घरी पिल्लू असेल त्यांनी ते लहान असतानाच त्यास मुलांच्या व पाहुण्यांच्या हातांची ओळख करून द्यावी, वेळेवर लस टोचवावी, मिरची व काठी ह्यांनी रक्षण होते ही खोटी समजूत टाकावी. कुत्रे चावलेच तर जातीस शिव्या देण्यापूर्वी स्वतःची साखळी मोजावी. उपदेशक व शिक्षक बंधूंनी नव्याने येणाऱ्या कुटुंबाची जात विचारू नये. मुलांची नावे विचारावीत. आणि कोणी निंबाखाली बसून ‘ती जातच तशी’ असे म्हणेल, तर गाडीची वेळ झाली असली तरी थांबून त्यास उत्तर द्यावे.

नासरेथातून काही चांगले निघेल काय, असे नाथानेलाने विचारले, तेव्हा फिलिप्पाने त्याच्याशी वाद घातला नाही. स्वतः येऊन पाहावयास सांगितले. मीही त्या गावी पुन्हा जाणार आहे. दाराशी बसणाऱ्या त्या कुटुंबाजवळ जाऊन बसावे, आणि त्या दिवशी गप्प राहिल्याबद्दल त्यांची क्षमा मागावी, असा माझा निश्चय आहे. देवबाप मला तेवढे धैर्य देवो, आणि आपणां सर्वांस त्याच्या मेजाभोवती कोणासही मागे न बसविण्याची बुद्धी देवो. आमेन.